हवेची उसळी आणि पिकअपचे पाटे

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतले एक नाजूक उपकरण शंभरेक किलोमीटरवरच्या निरीक्षण केंद्रावर न्यायचे होते. पेटीसकट त्याचे वजन ४० किलो. त्यासाठी आम्ही एक पिकअप गाडी भाड्याने ठरवली. एवढ्या मोठ्या गाडीत एवढीशी पेटी, म्हणजे प्रवास सुखाचाच होणार, असा आमचा हिशेब. चालकमामांनी पेटीकडे पाहिले, मागच्या मोकळ्या हौद्याकडे पाहिले आणि विचारले, "साहेब, आधी वाळूची दहा पोती टाकू का? रिकामी गाडी लई उडते." आम्ही नको म्हणालो. उगीच डिझेल कशाला जाळायचे? केंद्रावर पोहोचून पेटी उघडली, तर उपकरणातला क्वार्ट्झचा बारीक धागा तुटलेला होता.

नवा धागा बसवेपर्यंत दोन महिने गेले. त्या काळात आम्ही जो हिशेब मांडला, तो खरे तर गाडी निघण्यापूर्वी कागदाच्या एका कपट्यावर मांडता आला असता. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना तो सहज जमेल.

पिकअपच्या मागच्या आसावर पोलादी पाट्यांची कमान असते. समजा, गाडी रिकामी असताना या पाट्यांवर ५०० किलोचा भार आहे आणि माल भरल्यावर तो १५०० किलो होतो. या जादा १००० किलोंनी पाटे १० सेंटिमीटर खाली बसतात. यावरून पाट्यांचा ताठरपणा काढता येतो आणि ताठरपणा भागिले वस्तुमान यांच्या वर्गमुळावरून दोलनांची वारंवारता मिळते. भरलेल्या गाडीसाठी उत्तर येते सेकंदाला सुमारे १.३ दोलने, ही चाल माणसाला सोसते. रिकाम्या गाडीसाठी मात्र २.२. वरवर पाहता फरक थोडा वाटतो. पण चाक खड्ड्यातून वेगाने जाताना हौद्याला बसणाऱ्या धक्क्याचा जोर स्थूलमानाने वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे रिकाम्या गाडीत जवळजवळ तिप्पट धक्का! वाळूची दहा पोती, म्हणजे ५०० किलो टाकले असते, तर वारंवारता १.६ वर आली असती आणि धक्का निम्मा झाला असता. मामांनी हे गणित केले नव्हते, पण उत्तर त्यांना ठाऊक होते.

पोलादी स्प्रिंगची अडचण यात सगळी आली. तिचा ताठरपणा ठरलेला असतो, तो भार पाहून बदलत नाही. मोटारगाडीत माणसे कमी-जास्त झाली तरी एकूण भार फारसा बदलत नाही, म्हणून तिथे हे खपून जाते. पिकअपचा मागचा भार मात्र तिप्पट होतो. पाटे मालासाठी बनवावेत तर रिकामी गाडी उडते, आणि रिकाम्या गाडीसाठी मऊ करावेत तर माल भरताच मागची बाजू बसते, पुढची उचलते आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. भाराबरोबर स्वतःच ताठर होणारी स्प्रिंग हवी. तशी स्प्रिंग आपल्या भोवती सगळीकडे पसरलेली आहे, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच कळले होते.

एका जिन्यातला प्रयोग

१६६० साली रॉबर्ट बॉइल यांनी हवेवरच्या प्रयोगांचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या नावातच हवेची 'स्प्रिंग' होती. हवा म्हणजे लोकरीच्या पुंजक्यासारखी वस्तू, दाबली की दबते आणि सोडली की फुलते, असे चित्र त्यांनी वाचकांपुढे ठेवले. या प्रयोगांसाठी लागणारा हवेचा पंप त्यांच्या तरुण साहाय्यकाने, रॉबर्ट हूकने बनवला होता. १६६२ च्या दुसऱ्या आवृत्तीत मोजमापांचे कोष्टक आले. वाकवलेल्या काचेच्या नळीच्या बंद टोकात हवा अडकवायची आणि दुसऱ्या टोकातून पारा ओतत जायचा. नळी इतकी उंच, की खोलीत मावेना. म्हणून ती जिन्यात उभी केली होती. पाऱ्याचा स्तंभ साधारण २९ इंच चढला, तेव्हा अडकलेल्या हवेचे घनफळ निम्मे झाले. हाच बॉइलचा नियम.

पोलादी स्प्रिंगचा नियमही याच हूकचा. १६७६ मध्ये त्याने तो अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला: जेवढा ताण, तेवढे बल. म्हणजे पोलादाची आणि हवेची, अशा दोन्ही स्प्रिंगा एकाच माणसाच्या हातांखालून गेल्या होत्या. आणि गाड्यांचे म्हणाल, तर १६६५ च्या उन्हाळ्यात प्लेगमुळे लंडन सोडून गेलेला हूक एप्समजवळ इतर विद्वानांबरोबर नव्या धर्तीच्या घोडागाड्यांची जुळवाजुळव करत होता, अशी नोंद जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत आहे. सगळे धागे एका ठिकाणी असूनही हवेवर चालणारी गाडी मात्र निघाली नाही. तिला अजून अडीचशे वर्षे लागायची होती.

हवेच्या स्प्रिंगचा गुण पाहायचा, तर वर्गात ५० मिलिलिटरची सिरिंज पुरते. दट्ट्या पूर्ण वर ओढून तोंड पक्के बंद करा, सिरिंज स्टँडला उभी बांधा आणि दट्ट्यावर एकेक किलोची वजने ठेवत जा. दट्ट्याचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर धरले, तर बॉइलच्या नियमाप्रमाणे घनफळ ५० वरून ४३, मग ३८, मग ३४ मिलिलिटर व्हायला हवे. पहिल्या किलोला ७ मिलिलिटरची घट, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ४. प्रत्यक्षात दट्ट्याच्या घर्षणामुळे आकडे थोडे चुकतील (दट्ट्या हलकेच टिचकी मारून मोकळा करावा), पण कल स्पष्ट दिसेल. भार वाढतो तशी ही स्प्रिंग ताठर होत जाते.

कारण सोपे आहे. हवा एक टक्का दाबली, की तिचा दाब एक टक्का वाढतो. मुळातला दाब जेवढा मोठा, तेवढा हा एक टक्काही मोठा. खड्ड्यातून जाताना हे दाबणे इतक्या झटकन होते, की तापलेल्या हवेतली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही, आणि दाब एका टक्क्याऐवजी सुमारे १.४ टक्के वाढतो. ध्वनीचा वेग काढताना न्यूटनकडून सुटलेली आणि १८१६ मध्ये लाप्लासने दुरुस्त केलेली बाब ती हीच. गाडीचे गणित करतानाही ती विसरून चालत नाही.

हवा कोंडायची कशात?

सायकलचा टायर ही हवेची स्प्रिंगच. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप यांनी ती पुन्हा शोधून चालती केली. टायरने भुरळ घातल्यावर तीच हवा चाक आणि गाडी यांच्यामध्ये का घालू नये, हा विचार अनेकांना सुचला. ७ मे १९०१ रोजी अमेरिकेत विल्यम हम्फ्रीज यांना 'गाड्यांसाठी हवेच्या स्प्रिंग'चे पेटंट मिळाले. त्यांच्या रचनेत डाव्या-उजव्या बाजूंना गाडीच्या जवळजवळ पूर्ण लांबीच्या दोन हवेच्या स्प्रिंगा होत्या.

कागदावर सगळे जमले. खरी गोची होती ती गळतीची. पंपात चामड्याची वाटी नळकांड्याला घासत सरकते. ती घट्ट बसवली तर घर्षणाने स्प्रिंग अडकते, सैल बसवली तर हवा निसटते. या कोंडीतून वाट काढली ती आर्चिबाल्ड शार्प या ब्रिटिश अभियंत्याने. सायकलींवरच्या त्यांच्या १८९६ च्या ग्रंथासाठी ते आजही ओळखले जातात. सरकणाऱ्या वाटीऐवजी त्यांनी मोज्याची कड उलटी दुमडावी तसा दुमडलेला रबरी पडदा वापरला. दट्ट्या खाली-वर झाला, की पडदा घासत नाही, उलगडत-गुंडाळत जातो. १९०१ पासूनच्या पेटंटांत त्यांनी ही कल्पना विकसित केली आणि पुढे मोटारसायकलींवर वापरली. आज पिकअपखाली दिसणारा काळा रबरी फुगा बहुधा याच घराण्यातला असतो. आमच्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा शोध हाच, आणि नेमका तोच सर्वांत कमी लोकांना माहीत आहे.

फ्रान्समध्ये जॉर्ज मेसिए यांनी १९२० च्या दशकात पोलादी स्प्रिंगा पूर्णपणे काढून टाकलेल्या मोटारी बनवून विकल्या. त्या फार चालल्या नाहीत. पण मेसिए यांचे नाव पुढे विमानांच्या चाकांच्या यंत्रणेत अजरामर झाले, आणि तिथेही धक्का झेलणारी वस्तू म्हणजे कोंडलेला वायूच असतो.

बसला जमले, मोटारीला नाही

फुगा मिळाला तरी अर्धेच काम झाले. भार वाढला की फुगा दबणारच. तो पुन्हा मूळ उंचीवर यायला हवा असेल, तर आत आणखी हवा भरली पाहिजे, आणि भार उतरल्यावर ती सोडलीही पाहिजे. हे काम करायला एक झडप लागते. झडप चासीवर बसवतात आणि तिचा दांडा आसाला जोडतात. हौदा खाली बसला की दांडा वर ढकलला जातो आणि हवा आत येते. हौदा वर आला की हवा बाहेर पडते. यातली मेख अशी, की झडप मुद्दाम मंद ठेवावी लागते. ती चपळ असती, तर प्रत्येक खड्ड्याला हवा भरत आणि सोडत बसली असती.

ही झडप आली आणि हवेच्या स्प्रिंगचा दुसरा, जास्त मोलाचा गुण हाती लागला. उंची कायम, म्हणजे घनफळ कायम. बदलतो तो फक्त दाब. भार तिप्पट तर गेजवरचा दाब तिप्पट, आणि दाबाबरोबर ताठरपणाही वाढतो. आमच्या पिकअपचेच आकडे घेऊ. हवेच्या स्तंभाची उंची २५ सेंटिमीटर आहे आणि गेजवरचा दाब रिकाम्या गाडीत २ बार, भरलेल्या गाडीत ६ बार आहे, असे धरा. वारंवारता येते अनुक्रमे सुमारे १.४ आणि १.३. पाट्यांची २.२ आणि १.३ होती, हे आठवा. (थोडा फरक उरतो तो गेज बाहेरच्या वातावरणाचा दाब मोजत नाही म्हणून. गणित करताना २ च्या जागी ३ आणि ६ च्या जागी ७ कुठे घ्यायचे, हा विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा चांगला प्रश्न आहे.) वाळूच्या पोत्यांची गरजच उरली नाही!

अमेरिकेत फायरस्टोन या टायर कंपनीने १९३० च्या दशकापासून असे फुगे बनवण्याचे प्रयत्न केले होते. १९५३ मध्ये जनरल मोटर्सने ते आपल्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांना लावले आणि १९५४ मध्ये ग्रेहाउंडची प्रसिद्ध 'सीनिक्रूझर' बस त्यांवरच धावू लागली. यश पाहून मोटारींचे कारखानेही हुरळले. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम या महागड्या गाडीला चारही चाकांवर हवा होती आणि १९५८ मध्ये जनरल मोटर्सच्या पाचही मोटारनामांत ती जादा पैसे मोजून मिळू लागली. दोन-तीन वर्षांत सगळे थंडावले. नळ्या गळत, हवेतले पाणी थंडीत झडपांमध्ये गोठे, आणि रात्री उभी केलेली गाडी सकाळी जमिनीला टेकलेली सापडे. कित्येक मालकांनी फुगे काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या.

तेच तंत्र बसमध्ये टिकले आणि मोटारीत फसले, असे का व्हावे? बसला ब्रेकसाठी हवेचा कॉम्प्रेसर मुळातच होता, मोटारीला तो नव्याने लावावा लागला. बसची देखभाल डेपोतले कारागीर रोज करतात, मोटारीकडे मालक बिघाड झाल्यावरच पाहतो. आणि मुख्य म्हणजे बसचा भार खरोखरच बदलतो, त्यामुळे तिला या सगळ्या खटाटोपाचा मोबदला मिळत होता. आपल्याकडेही एस.टी.च्या पाट्यांची सवय असलेल्या प्रवाशांना या स्प्रिंगची ठळक ओळख झाली ती व्होल्व्हो बसगाड्यांमुळे. या गाड्या भारतात २००१ मध्ये आल्या.

फ्रान्समध्ये सित्रोएनच्या पॉल माजेस यांनी वेगळी वाट काढली. १९५५ च्या डी.एस. मोटारीत नायट्रोजन वायू पोलादी गोळ्यांत कायमचा कोंडला आणि उंची सांभाळायला तेल वापरले. वायू कुठेही जात नाही, म्हणून गळतीचा त्रास कमी. पण मग भार वाढला की वायूचे घनफळ घटते आणि ताठरपणा दाबाच्या वर्गाने वाढतो. परिणाम असा, की भार वाढल्यावर वारंवारता पाट्यांत घटते, झडपेच्या फुग्यात जवळपास तीच राहते आणि सित्रोएनमध्ये चढते. एकाच सूत्राची ही तीन रूपे तीन कारखान्यांतून रस्त्यावर आली.

पिकअपखाली

पिकअपच्या वाट्याला हवा आली ती मागच्या दाराने. अमेरिकेत १९४९ पासून मागच्या गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये घालायचे रबरी फुगे विकले जाऊ लागले. पुढे पाट्यांच्या कमानीवर, चासीखालच्या रबरी ठोकळ्याच्या जागी बसणारे फुगे आले. पाटे तसेच राहतात, फुगा फक्त हातभार लावतो. ड्रिलने चार भोके, दोन बारीक नळ्या आणि टायरला असते तसली हवा भरायची झडप, एवढ्यात काम होते. बहुतेक फुग्यांची कमाल मर्यादा चौरस इंचाला १०० पौंड, म्हणजे सुमारे ७ बार असते.

डाव्या-उजव्या फुग्यांच्या नळ्या एकत्र जोडून एकाच झडपेतून हवा भरण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. वळणावर बाहेरच्या फुग्यावर भार येतो आणि त्यातली हवा नळीतून आतल्या फुग्यात जाते. नेमक्या ज्या बाजूने गाडीला सावरायचे, तीच बाजू मऊ पडते.

पाटे पूर्ण काढून नुसत्या हवेवर गाडी ठेवायची, तर काम फार मोठे होते. पाटा एकटा तीन कामे करत असतो. तो धक्का झेलतो, आसाला जागेवर धरून ठेवतो आणि पाट्यापाट्यांतल्या घर्षणाने हेलकावे थोडेफार जिरवतो. फुगा यातले पहिलेच काम करतो. आस धरायला दांडे आणि हेलकावे जिरवायला चांगले शॉक ॲब्सॉर्बर वेगळे लागतात. रेंज रोव्हरने १९९२ मध्ये आपल्या जीपवजा गाडीला संगणकाने उंची सांभाळणारी हवा दिली. अमेरिकेतल्या नेहमीच्या मापाच्या पिकअपला, रॅम १५०० ला, चारही चाकांवर हवा कारखान्यातूनच मिळाली ती २०१३ च्या मॉडेलात. वेगात असताना ती सुमारे दीड सेंटिमीटर खाली बसते, म्हणजे वाऱ्याचा विरोध कमी होतो. खडबडीत रस्त्यावर ती पाच सेंटिमीटरपर्यंत उंच होते आणि माल चढवायला तेवढीच खाली येते. हम्फ्रीज यांच्या पेटंटला तोवर ११० हून अधिक वर्षे झाली होती.

इथे एका गोष्टीची आम्हांला काळजी वाटते. पूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागातले चोरट्या दारूची वाहतूक करणारे लोक मोटारीला मागे जाड स्प्रिंगा बसवत. हेतू हा, की माल भरला तरी गाडीची शेपटी बसू नये आणि पोलिसांना संशय येऊ नये. गाडी किती बसली, यावरून भार कळतो, हे दोघांनाही ठाऊक होते. हूकचा नियम म्हणजे शेवटी ताणकाट्याचाच नियम, आणि पाट्यांची कमान हा गाडीखालचा काटाच. हवा भरून गाडी सपाट केली, की हा काटा शून्यावर येतो. भार मात्र जिथल्या तिथे असतो. आस, चाकांचे बेअरिंग, टायर आणि ब्रेक हे कारखान्याने ठरवलेल्या भारासाठीच बनलेले असतात. फुगे लावल्याने त्यांची ताकद एका किलोनेही वाढत नाही. फुगे लावून टनभर जास्त माल नेता येतो, अशी समजूत आम्ही एकाहून अधिक लोकांच्या तोंडून ऐकली आहे. उतारावर ब्रेक तापल्यावर त्या समजुतीची किंमत मोजावी लागते, तीही कधीकधी समोरून येणाऱ्याला. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने निर्मात्याच्या नोंदलेल्या तपशिलाहून वेगळे बदल करायला मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे.

भार अगदीच अदृश्य होतो, असे नाही. तो गेजवर सरकतो. आमच्या उदाहरणात पाटे नाहीत, दोन्ही फुगेच सगळा भार पेलतात आणि प्रत्येकाचे प्रभावी क्षेत्रफळ १२३ चौरस सेंटिमीटर आहे, असे धरा. गेजवर २ बार म्हणजे एका फुग्यावर २५० किलो, ६ बार म्हणजे ७५० किलो. चालकाच्या समोर गेज असेल आणि त्यावर मर्यादेची लाल खूण असेल, तर बसलेल्या पाट्यांहून तो चांगला काटा ठरेल.

दुसऱ्या खेपेला आम्ही त्याच मामांना बोलावले आणि न विचारता वाळू भरायला सांगितली. पोती चढत असताना मामा मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि पाटा व वरचा रबरी ठोकळा यांच्या मधल्या फटीत त्यांनी हात घातला. बोटे आडवी धरून ते मोजत होते. दहाव्या पोत्यानंतर म्हणाले, "बास. आता ठेवा तुमची पेटी."